कळस राहून गेलेलं चर्च आणि आमचा बापट

एकाच जागी सहा वर्षं दर रविवारी गेलं, की किस्से जमवावे लागत नाहीत. कोटाला चिकटलेल्या मांजराच्या केसांसारखे ते आपोआप घरी येतात. आमची ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या पार्सिपनीपासून अर्ध्या तासावरच्या छोट्या गावातलं एपिस्कोपल चर्च. जुनं, दगडी, टोकदार कमानींचं, रंगीत काचांचं. गॉथिक म्हणतात तसं. २००२ पासून त्याच्या मागच्या हॉलमध्ये आमची मराठी शाळा भरायची. शिकवायला मी आणि बापट. बापट पुण्याचा, डेटाबेसवाला. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही.

*

हॉल मागायला आम्ही दोघं गेलो. दारात पन्नाशीच्या एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. बापटने विचारलं, "फादर कुठे भेटतील?"

"समोर उभी आहे की," बाई म्हणाल्या.

त्या रेव्हरंड कॅरल. या पंथात बायकाही धर्मगुरू होतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! "नुसतं कॅरल म्हणा," असं त्यांनी सांगूनही बापट कायम "मॅडम फादर"च म्हणत राहिला. एकदा त्यांचा मला फोन आला. "हॅलो, मॅडम फादर बोलतेय."

*

हॉलची किल्ली वॉल्टरकडे. वॉल्टर रिटायर्ड पोस्टमन, ऐंशीच्या घरातला, आणि चर्चचा इतिहास पाठ असलेला गावातला एकमेव माणूस. किल्ली हवी तर इतिहास ऐकायचा, हा अलिखित नियम.

"इथला लोखंडाच्या खाणीचा मालक," वॉल्टर सांगायला लागला, "पलीकडच्या चर्चमध्ये जायचा. तिथे कमिटीशी भांडण झालं. मग त्याने रागाने..."

"म्हणजे मंडळ फुटलं," बापट मध्येच म्हणाला आणि त्याने वॉल्टरला आमच्या मराठी मंडळांची हकीकत सांगितली. एका काउंटीत तीन.

वॉल्टरने आदराने विचारलं, "मग तुम्हीही इमारत बांधलीत?"

"नाही. आम्ही फक्त वेगळी दिवाळी करतो."

*

खाणमालकाच्या नकाशात मनोऱ्यावर उंच टोकदार शिखर होतं. खाण बसली, शिखर राहून गेलं. मनोरा अजून वरून सपाट आहे. वर्गात 'कळस' शब्द शिकवताना मी मुलांना खिडकीतून तो दाखवला. माझी सात वर्षांची मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, is it still loading?"

वॉल्टरला हे भाषांतर न करता कळलं. पुढच्या रविवारी त्याने ते पाहुण्यांना ऐकवलंसुद्धा.

*

एका रविवारी त्यांची प्रार्थना लांबली आणि आमची शाळा वेळेवर सुरू झाली. हॉल आणि चर्च यांच्यामध्ये एक जुनं लाकडी दार. अलीकडे आमची पोरं एका सुरात, "बे एके बे, बे दुणे चार..."

प्रार्थना संपल्यावर कॅरल आत आल्या. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्या स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या दोन आज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठली प्रार्थना ही?"

"दोनचा पाढा," मी सांगितलं.

त्यांनी दाराकडे बघितलं. "त्यांना नको सांगू."

*

मग वॉल्टरचे गुडघे गेले. लेक त्याला फ्लोरिडाला नेणार होती. वॉल्टरला गुडघ्यांचं काही वाटत नव्हतं. आपल्यामागे हे सगळं कोण सांगणार, या काळजीने तो खंगला होता. चर्चच्या मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "कोणी शिकेल का?" तीस डोकी, सगळी पांढरी. सगळे बुटांकडे बघत बसले.

फुकट कॉफीसाठी मागे थांबलेल्या बापटने हात वर केला.

"पण हे आपल्यातले नाहीत," एक आजी चाचरत म्हणाल्या.

"पाच वर्षं हा मला दर वाक्याला तोडतोय," वॉल्टर म्हणाला. "तोडायला ऐकावं लागतं. तुमच्यापैकी कोणी तोडलंत कधी?"

निघायच्या दिवशी त्याने किल्ली बापटच्या हातात दिली आणि गाडीत बसेपर्यंत त्याला इतिहास विचारत राहिला. बापट एकदाही चुकला नाही. वॉल्टर मात्र रडला.

*

पाहुण्यांना चर्च दाखवायची बापटची टूर लवकरच गाजली. कोणी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन कधी झालात?" की तो म्हणायचा, "झालो नाही. मी फक्त इतिहासापुरता येतो."

२००८च्या वसंतात ओहायोहून काही पाहुणे आले होते. त्या दिवशी मीही होते. बापटने त्यांना पूर्वेच्या खिडकीखाली नेलं. "ही संत सिसिलिया. चेहरा मात्र खाणमालकाच्या पहिल्या बायकोचा. ती तरुणपणीच गेली. दुसरी बायको आली, तिने सांगितलं, काच बदला. नवऱ्याने ऐकलं नाही. तेव्हा तिने काय करावं? घराण्याचा बाक उचलून त्या जाड खांबामागे लावायला लावला. चाळीस वर्षं ती तिथे बसली, पण सवतीचं तोंड पाहिलं नाही."

सगळे हसले. एक म्हाताऱ्या बाई हसल्या नाहीत.

"खांबामागे बसली ती माझी पणजी," त्या म्हणाल्या.

बापटने पुढे होऊन बाकावरची धूळ रुमालाने पुसली आणि बाईंना हात दिला.

बाई बसल्या. समोर नुसता खांब. मग त्या बाकाच्या अगदी टोकाला सरकल्या आणि किंचित पुढे वाकल्या.

"इथून ती दिसते की," त्या म्हणाल्या.