हौशाचा भाव

रहाटणीचा कोंडाजी चिंचवडला पंपाच्या कारखान्यात गाडीवान होता. गाडी कंपनीची, बैल कंपनीचे, शिव्या तेवढ्या त्याच्या स्वतःच्या. भट्टीतनं निघालेलं ओतीव लोखंड गाडीत लादायचं आणि स्टेशनातल्या मालधक्क्यावर नेऊन टाकायचं, हे त्याचं काम. छप्पन साल उजाडलं तरी कंपनीला ट्रक परवडत नव्हता, आणि कोंडाजीला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

जोडीतला उजवा बैल हौशा. वय झालेलं, पण लोखंड लादलं की मान खाली घालून असा रेटायचा, की जोडीचा तरणा बैल नुसता सोबतीला आल्यागत दिसायचा. कोंडाजीचा त्याच्यावर लई जीव. पण तोंडानं कधी कबूल करायचा नाही. जनावराचं कौतुक केलं की दृष्ट लागते, हे बापापासनं चालत आलेलं. कुणी म्हटलं, "बैल झकास हाय गड्या," की हा लगेच थुंकून म्हणायचा, "कसला झकास! मेलंय धूड. नुसता कडबा खातंय."

मार्च संपला आणि पुण्याहून उद्धवराव हिशेब तपासायला आले. काळा कोट, सरळ माणूस. ऐकलं ते लिहिणार, लिहिलं ते मोडणार नाही. यंत्रं पाहून झाल्यावर ते गोठ्यापाशी आले.

"काय कोंडाजी, हा म्हातारा चालतो का अजून?"

"कसला चालतुय सायेब! पार निकामी झालाय."

उद्धवरावांनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि गेले.

आठवड्यानं मुनीम रंगरावांनी कोंडाजीला हाक मारली. "हौशाला शनिवारी चाकणच्या बाजारात न्यायचंय."

"का वो? काय क्येलं त्यानं?"

"त्यानं नाही, तू केलंस. कंपनीची रीत ठरलेली आहे. यंत्रावर दरसाल घसारा धरायचा, म्हणजे झिजेपायी किंमत उतरवत न्यायची. बैलावर धरायचा नाही. बैल चालतो तोवर खरेदीच्याच किमतीला. मेला नाहीतर निकामी झाला की काढून टाकायचा आणि तोटा दाखवायचा. भागधारकांना हे छापून द्यावं लागतं. तू निकामी सांगितलंस."

म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोण घेतं, हे कोंडाजीला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी येऊन तो भाकरीपुढं नुसताच बसला. बायको सोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मलाबी रोज निकामी म्हंता. मला कंच्या बाजारात न्हेनार?"

"तू गप गं!"

"मी गप ऱ्हाते. तुमीच जाऊन बोला."

उद्धवरावांची तपासणी अजून चालूच होती. सकाळी तो कचेरीत त्यांच्यापुढं उभा राहिला. "सायेब, आमच्यात तसं म्हनायची रीत हाय. दृष्टीपायी."

उद्धवरावांनी चष्मा काढला. "तुझी रीत तुझ्यापाशी. कंपनीच्या रीतीत निकामी म्हणजे निकामी. मालकांनी सांगितलं तरी मी डोळ्यांनी पाहिल्याबिगर बदलणार नाही. आणि तुझा जबाब तुलाच बदलावा लागेल. चारचौघांत."

त्याच दिवशी हौशाच्या परीक्षेसाठी गाडीत नेहमीपेक्षा जास्त लोखंड लादलं. स्टेशनाच्या चढाखाली भट्टीवाले, हमाल, चहावाला, सगळे गोळा झाले. त्यात रंगराव. त्यांनी वेल वाखाणला की वाळतो, अशी त्यांची ख्याती.

"बोल," उद्धवराव म्हणाले.

"चालतुय," कोंडाजी पुटपुटला.

"कसा?"

कोंडाजीनं रंगरावांकडं पाठ फिरवली आणि हौशाच्या वशिंडावर हात ठेवला. "ह्याच्यावानी बैल आख्ख्या मावळात न्हाई! दोघांचं वझं एकला वढतुय!"

आणि आसूड न उगारता नुसतं "चल बाबा" म्हणाला. हौशानं खूर रोवले. चाकं करकरली, तरणा बैल मागं पडला, पण गाडी चढून धक्क्याला लागली. उद्धवरावांनी तिथंच खिशातनं पेन काढून 'निकामी' वर काट मारली.

संध्याकाळी सोजराबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या अशा तडतडल्या, की शेजारची आळी खोकली.

अहवाल छापून आला तेव्हा रंगरावांनी ओळ वाचून दाखवली: 'कामावरची जनावरे खरेदीच्या किमतीस धरली आहेत.'

"म्हंजी अजून जवानीतलाच भाव?" कोंडाजी म्हणाला. "मालकास्नी म्हनावं, माझाबी तसाच धरा."

पुढल्या साली मार्च संपल्यावर उद्धवराव परत आले. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. चढाच्या कडेला उभे राहून भरली गाडी वर जाताना पाहिली.

"मेलंय धूड!" कोंडाजी त्यांना ऐकू जाईल असा ओरडला.

"बरं," म्हणत उद्धवरावांनी लिहिलं: 'कामावर आहे.'