कंप्रेसरचं पाणी

हवा फुकट असते असं ज्याला वाटतं, त्यानं एक उन्हाळा आमच्या कंप्रेसर रूममध्ये काढावा. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हवा सांभाळतो. आमच्या मागांना धोटा नाही. आडवा धागा हवेच्या झोतानं पलीकडे जातो. हवा थांबली की माग थांबतात आणि सगळा कारखाना माझ्या दारात येतो. एरवी मी जिवंत आहे की नाही, हेही कुणी विचारत नाही.

आमचा कंप्रेसर दोन टप्प्यांचा. पहिल्या सिलिंडरमध्ये हवा थोडी दाबली जाते आणि तापते. मग कूलरमधून थंड होऊन ती दुसऱ्यात जाते, तिथं पुरती दाबली जाते. उन्हात टाकलेली गादी फुगते तशी तापलेली हवा फुगते, आणि ती दाबायला मोटारीला जास्त जोर लागतो. कूलर थंड तर वीज कमी, एवढंच माझं शास्त्र. मी ते इतक्यांदा बोललोय की आता घरी बायकोही माझ्या आधी वाक्य पुरं करते.

कूलरला पाणी बोअरचं, म्हणजे खारं. तापलं की नळ्यांत पांढरी खपली धरतं. मी ती अॅसिडनं धुतो, ती पुन्हा धरते, मी पुन्हा धुतो. मला या कामाचा वीट आलाय.

गोडं पाणी येणारा कारखान्यात एकच नळ, गेटजवळचा. आमच्या वस्त्यांत नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, म्हणून पाळी सुटली की प्रत्येक जण एक कॅन भरतो, गाडीला अडकवतो आणि घरी नेतो. हे कुठल्या नियमात नाही. पण नवा माणूस आला की त्याला मशीन नंतर दाखवतात, आधी कॅन कुठं ठेवायचा ते दाखवतात.

यंदा थंडी सरता सरता मालक विजेचं बिल घेऊन आले. मी खपलीचं रडगाणं गायलो आणि म्हणालो, "पाणी मऊ करायचं यंत्र बसवा, साहेब."

"ते यंदा जमणार नाही. गेटचा नळ आहे की! तोच कूलरला जोडा."

"त्याच्यावर माणसं घरचं पाणी नेतात."

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी बिलाची घडी घातली. म्हणाले, "ठीक आहे. पाडव्यापर्यंत विजेचा खप कमी करून दाखवा. नाही झाला तर नळ जोडायचा."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी हे चेकिंग खात्यातल्या अक्काला सांगितलं. आम्ही साधारण एका वयाचे. तिच्या घरी तेलुगू बोलतात, टॉवेलवर नुसता हात फिरवून ती चुकलेला धागा काढते, आणि तिच्या घरात सून बाळंत झालेली. गोड्या पाण्याची गरज तिला कुणी समजावायला नको होती.

"कमी कसं करायचं ते सांगा की, अण्णा. आमी हाव की."

मी तिला जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये नेलं. माग बंद, हवा कुणी वापरत नाही, तरी तिकडं कंप्रेसर धापा टाकतोय. म्हणजे हवा कुठंतरी गळतेय. पण शेडमध्ये फुस्स नाही की फास्स नाही.

अक्कानं वर पाइपांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. टॉवेलच्या कारखान्यात काहीही बिघडलं की त्याला टॉवेलची पट्टी बांधतात. बोट कापलं, बांध पट्टी. किटलीचा कान तापतो, बांध पट्टी. पाइपातून हवा फुसफुसली की कानाला त्रास, म्हणून तिथंही पट्ट्या आवळलेल्या, थरावर थर. आवाज बंद झाला म्हणजे गळती बंद झाली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अक्कानं स्टुलावर चढून एक पट्टी सोडली. पाइप फुत्कारला आणि तिच्या केसांवर धागे उडाले.

"अगं बाई, ही तर जितीच हाय की!"

मग रोज सुट्टीत चेकिंगच्या बायका एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात साबणाचा फेस घेऊन पाइपांमागं. फेस फुगला की हाका मारायच्या, आणि मी पाना घेऊन धावायचो. कुणी म्हणायची, "अण्णांना एवढं पळताना पयल्यांदा बगतोय." खरंच होतं. त्या दिवसांत मला थकायची आठवणच राहिली नाही. गळत्या मिटल्या तसा मी हवेचा दाबही थोडा उतरवला. माग बिनतक्रार चालले.

पाडव्याला खप उतरला, चांगला उतरला. मालक स्वतः कंप्रेसर रूममध्ये आले, पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "नुसत्या गळत्यांनी एवढं, तर कूलरला गोडं पाणी दिल्यावर किती होईल?"

"साहेब, नाही झालं तर नळ घेऊ म्हणाला होतात."

"अहो, होतंय म्हटल्यावर थांबायचं कशाला?"

कूलरबद्दल ते बरोबर होते, आणि मला राग त्याचाच आला. हे मीच त्यांना शिकवलेलं. गेटच्या नळाचा पाइप मीच कूलरला जोडला. माझ्या मशीनला दुसरं कुणी हात लावत नाही. कूलर आता थंड असतो, दुसरा टप्पा सुरेख चालतो. काम चांगलं झालंय, असं सांगताना तोंड कडू होतं.

पाळी सुटल्यावर अक्का दारात आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

"गळती नसती शोदली तर नळ गेला असता," ती म्हणाली. "शोदली तरी गेला. मग आमी केलं काय, अण्णा?"

मी कानाला हात लावला, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही अशी खूण केली. पण गळत्या मिटल्यापासून मशीन बराच वेळ हलकं फिरतं, ओरडत नाही. तेव्हाही ते तसंच फिरत होतं. अक्का दारातच उभी राहिली, आणि तिनं तेच पुन्हा विचारलं, आवाज न चढवता.