अंगठा हलला
दुखण्यावरच्या स्प्रेचा तो गार, झोंबरा वास आला की मला बिडकीनचं कबड्डीचं मैदान आठवतं. पकड सोडवताना मी मानेवर आपटले आणि कमरेखालचं अंग एकदम परकं झालं. मुली उचलायला धावल्या. "हात लावू नका कुणी!" आमचे कबड्डीचे सर ओरडले, आणि मातीत गुडघे टेकून त्यांनी माझं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. मुलींनी टॉवेल ताणून माझ्यावर सावली केली. जिच्या पकडीत मी पडले, ती समोरच्या संघातली मुलगीही त्यांच्यात रडत उभी होती. "पायाचा अंगठा हलव, बेटा," सर म्हणाले. मी सगळा जीव लावला. सगळ्या माझ्या पायाकडे बघत होत्या. मग पायाशी बसलेली आमची कॅप्टन ओरडली, "हलला, सर! लई छान हलला!" सगळ्याच ओरडल्या, "व्हय, हलला!" त्या एका शब्दावर मी अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत धीर धरला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पायांत मुंग्या आल्या, आणि काही महिन्यांनी मी चालायला लागले. परवा कॅप्टन घरी आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "त्या दिवशी काहीच हललं नव्हतं गं. सरांनी मला नुसती डोळ्यांनी खूण केली." आणखी चहा टाकते म्हणून मी आत गेले, आणि ओट्याला धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.