आधी स्टूल ओढ

मरणाच्या दारातल्या पेशंटच्या घरच्यांशी कसं बोलायचं, हे लातूरच्या दवाखान्यात आम्हा नर्सांना शिकवणाऱ्या मॅडम लई तापट. "आधी स्टूल ओढ! असलं काय उभ्या उभ्या सांगून राहिलीस?"

सरावात पेशंटची बायको त्याच व्हायच्या. डोक्यावर पदर घेऊन विचारायच्या, "लेकीला बोलवू का?"

आम्ही म्हणायचो, "काळजी करू नका."

पदर खाली यायचा. "विचारतेय म्हंजे तिला कळलंय गं. बोलवा म्हण, आजच."

एकदा वर्गातच त्यांना मुदखेडहून भावाचा फोन आला. ठेवून म्हणाल्या, "वडलांना ॲडमिट केलंय. काळजी करू नको म्हनला." मग हळूच, "जाऊ का गं मी?"

मी स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ बसले.

"जावा मॅडम. आजच."