गोळी यांना, खोकला मला

आमच्या घरातली बिडी गोळीनं सुटली, हे आधीच सांगून टाकते. कारण आमचे मालक अजून चारचौघांत स्वतःच्या निश्चयाच्या गोष्टी सांगतात आणि मी शेजारी बसून दातओठ खाते. निश्चय कसला डोंबलाचा! निश्चय त्यांनी लग्नापासून दरवर्षी पाडव्याला केला आणि दरवर्षी दुपारच्या चहाबरोबर ओढून टाकला.

पण त्या वर्षी गोष्ट पायावर आली. उजव्या पायाचा अंगठा आधी निळा आणि मग काळा पडायला लागला. चार पावलं चालले की पोटरी धरून बसायचे. आम्ही मंठाळ खेड्यातली माणसं, हळद लावली, पाला बांधला, नवस बोललो; जखम काही भरेना. हैदराबादला कामाला गेलेला आमचा लेक सणाला आला, त्यानं पाय बघितला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्हाला बीदरला घेऊन गेला. गाडीत तो सारखा यांच्या पायाकडंच बघत होता. त्याच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळत होतं. माझ्या सासऱ्यांचा पाय असाच गेला होता. बिडीनं पायाच्या रक्तनळ्या आवळल्या, आधी बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय. जन्मभर मेंढरांमागं रान तुडवलेला माणूस शेवटची वर्षं ओसरीवर बसून होता, आणि तिथं बसूनही बिडी ओढत होता.

बीदरचा डॉक्टर तरुण होता. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. त्यानं पाय चाचपला, सासऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काका, बिडी ठेवा, न्हाईतर पाय ठेवा. दोन्ही न्हाई राहणार." पायाची औषधं दिली, आणि शिवाय एक गोळी लिहून दिली, बिडीची तलफ मारणारी. तीन महिने घ्यायची, सकाळ-संध्याकाळ, पोटभर जेवून, भरपूर पाण्याबरोबर. मळमळ होईल, सपनं पडतील, चिडचिड होईल. फारच उदास वाटलं तर लगेच यायचं, असंही बजावलं. आणि पहिला आठवडा गोळी चालू असताना बिडी ओढली तरी चालेल म्हणाला. हे शेवटचं वाक्य मालकांनी तेवढं नीट ऐकलं. येताना गाडीभर सांगत सुटले की डाक्टर असावा तर असा.

पहिल्याच सकाळी यांनी रिकाम्या पोटी गोळी गिळली आणि पारावर भरल्या बैठकीत ओकले. मग जेवून घ्यायला लागले, तशी मळमळ गेली आणि चिडचिड आली. माझ्याशी भांडायची सोय नव्हती, मी दुप्पट भांडते. म्हणून म्हशीशी भांडले. ती मुद्दाम आवाज करून रवंथ करायलीय म्हणाले. मी म्हशीची बाजू घेतली तर दोघींनाही बोलले.

पण गोळीचा गुणही आला, खोटं कशाला बोलू. आठवडा संपत आला तशी यांनी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि तोंड वाकडं केलं. "घोंगडं जळाल्यावानी लागायलीय," म्हणाले आणि बिड्यांचा सगळा कट्टा स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकून आले. मी उकिरड्याला हात जोडले.

आणि मग सपनं सुरू झाली. साधी नव्हेत. रंगीत, आवाजासकट, अगदी मेंढरांच्या वासासकट. पहाटे दचकून उठायचे आणि बसून राहायचे. सासरे येत होते. रोज. विचारलं तर आधी काही सांगेनात. दोन-चार दिवसांनी मान खाली घालून म्हणाले, "अप्पा बिडी मागायलेत."

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. मेलेलं माणूस सपनात येऊन काही मागून गेलं, की ते द्यायचं. त्यात वाद नाही. शेजारच्या घरी आजोबांना शिंदी ठेवतात, माझी चुलतसासू तर मेल्यावरसुद्धा तंबाखूवाचून राहिली नाही. न दिलं तर घरात किरकिर लागते, जनावर आटतं. सासऱ्यांच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्याच्यापुढं बिडी ठेवायची, आणि तीही पेटवून, कारण सासऱ्यांना न पेटवलेली बिडी कधी चालली नाही. जिवंत असताना चुलीवरून पेटवून आणून द्यायचं काम सुनेचं होतं. म्हणजे माझंच. मालकांनी तर बिडी सोडलेली. ते कसे पेटवणार? रीत म्हणून मीही लगेच पदर खोचला. आमच्या दोघांच्या डोक्यात एवढं आलं नाही, की ज्या बिडीपायी पाय जायची वेळ आली, ती घरात पुन्हा आपणच आणायलोय.

बिडी काडीनं नुसती पेटत नाही, ओढावी लागते. नाहीतर विझते. मी उदबत्तीनं करून बघितलं, निखाऱ्यावर धरून बघितलं, फुंकणीनं फुंकूनसुद्धा बघितलं. शेवटी चुलीपुढं बसून, डोळे मिटून, तीन-चार झुरके घेऊनच ती टाकापुढं ठेवायची. सासरे रोज येत होते, म्हणून बिडीही रोज. मालक समोर हात जोडून बसायचे आणि चांगला लांब श्वास घ्यायचे. मला वाटायचं, बापाची आठवण काढायलेत.

एक दिवस शेजारीण ताक मागायला आली आणि चुलीपुढं माझ्या तोंडात बिडी. तिनं ताक घेतलंच नाही. दुपारपर्यंत गावभर झालं, नवऱ्यानं सोडली आणि बायकोनं धरली. मी अंगणवाडीत कामाला, तिथं पोरांना हात धुवायला शिकवत होते. त्यांच्या आया मात्र माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. असा राग आला होता मला! कुणाकुणाला रीत समजावून सांगायची?

पुढच्या वेळी बीदरला गेलो तेव्हा डॉक्टरनं पाय बघितला आणि खूश झाला. जखम कडेनं भरत होती. गोळीचा काही त्रास, म्हणून विचारलं. हे काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हाय ना तरास. गोळी हेंना अन् खोकला मला."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं सांगितलं, सपान, टाक, चूल, शेजारीण. तो आधी हसू दाबत होता, मग त्याला दाबवेना. नंतर मात्र चष्मा पुसून नीट बोलला. असली सपनं या गोळीनं पडतात, संध्याकाळची गोळी जरा लवकर घ्या म्हणाला. पण घरात रोज धूर होत असेल तर यांच्या पायाला तो वाईटच, आणि माझ्या छातीलाही. मालक हळूच म्हणाले, मग अप्पाला काय सांगायचं? "सांगा की डाक्टरनं बंद केलीय," डॉक्टर म्हणाला.

मी घरी येऊन टाकापुढं उभी राहिले आणि तसंच सांगितलं. मामा, डाक्टरनं बंद केलीय, आमचा इलाज न्हाई. दुसऱ्या दिवशी यांना विचारलं, अप्पा काय म्हणाले? काही म्हणाले न्हाईत, एवढंच बोलले आणि वैरण टाकायला गेले. म्हैसही आटली नाही.

तीन महिने भरले. अंगठ्यावर गुलाबी कातडी आली. डॉक्टरनं गोळी थांबवली आणि पाय वाचला म्हणून सांगितलं. पण पुन्हा बिडी धरली तर वाचणार नाही, हेही सांगितलं. मी घरी येऊन पुरणाची पोळी केली. यांनी एकच खाल्ली. त्यानंतरचे कितीतरी दिवस हे गप्पगप्प. म्हशीलासुद्धा बोलेनात. गोळी तर बंद झालेली, मग हे असे का, म्हणून माझा जीव खालीवर व्हायला लागला.

एका संध्याकाळी मी शेण काढून पाटी घेऊन गोठ्याच्या मागं गेले, तर हे तिथं बसलेले. एका हातात बिडी, दुसऱ्या हातात काडेपेटी. अजून पेटवली नव्हती. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. यांनी माझं संपू दिलं.

"तलफ न्हाई गं," म्हणाले. "आता तर वास बी सोसंना. पर डाक्टर बिडी वडणाऱ्यालाच गोळी देतो, म्हणून वडावी म्हणलं. गोळी बंद झाल्यापासून अप्पा येईनात."

"येऊन बिडीच मागणार की!"

"बिडी त्येंनी कधी मागितलीच न्हाई. ते मीच सांगितलं तुला. तवा लई जड जायलतं. तोंडाला नको, पर नाकाला तरी, म्हणलं."

म्हणजे इतके दिवस मी चुलीपुढं बसून धूर गिळला, गावात नाक कापून घेतलं, ते यांच्या नाकासाठी! शेणाची पाटी यांच्या डोक्यावर पालथी करायची एवढंच बाकी राहिलं होतं. तरी विचारलं, मग कामून यायचे ते?

"काई बोलत नव्हते. मेंढरं पुढं, अन् अप्पा मागून चालायलेत. दोन्ही पायानं. मी मागनं पळायलाव, पर गाठ पडंना. इतकं झपाझपा."

मी पाटी खाली ठेवली आणि यांच्याशेजारी मातीत बसले. मला रडू आलं. त्या माणसाला मी ओसरीवरून मोरीपर्यंत धरून नेलेलं, आणि हे म्हणतात झपाझपा. मग मी यांच्या हातातली बिडी काढून घेतली, चुरगाळली आणि म्हटलं, "मामाला दोन्ही पायानं चालायला मरावं लागलं. तुमी जित्तेपणी चाला. उठा."

उठले. काडेपेटी माझ्या हातात दिली आणि वळून न बघता घराकडं निघाले. मी पाटी डोक्यावर घेतली आणि मागून निघाले. अहो, जरा हळू, म्हणून मला दोनदा हाक मारावी लागली.