धन्याच्या दारातल्या वहाणा

दुष्काळात बापानं मला पोतंभर जोंधळ्यावर धन्याच्या घरी देऊन टाकलं. निपाणीजवळचं गाव. पंचवीस वर्षं त्याच्या गोठ्यात निजलो, जनावरासंगं मार खाल्ला. मग पळालो आणि बेळगावात मेथडिस्ट ख्रिस्ती झालो. मिशनच्या साहेबांनी दोन बुकं शिकवली आणि उपदेशाला धाडलं. पुढं चाळीस वर्षं गावोगाव पायी हिंडलो. बायको गायची, मी बोलायचो. लोक दगड मारायचे, कुत्री सोडायचे. आम्हीही काय गोड बोलत न्हवतो.

शेवटच्या फेरीला हट्टानं त्याच गावात गेलो. धन्याच्या दारासमोर उभं राहून सांगितलं, माणसाला धनी एकच, तो वर बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला श्वास घेता येईना. बेळगावच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. मोटार दोन कोसांवरच्या सडकेला दिवसातनं एकदाच, दुपारच्या आत यायची. गावात बैलगाडी तेवढी धन्याकडं. बायकोला समोरच्या कट्ट्यावर निजवलं आणि त्याच्या दारात गेलो.

त्या घरची रीत अशी, की गड्यानं दारात येताना वहाणा काढून डोईवर धरायच्या. मी पायात घालूनच गेलतो. धनी आता माझ्यासारखाच म्हातारा झालेला, तंबाखू मळत बसलेला. माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "एकच धनी म्हणालास न्हवं काल? माग की रं त्याला गाडी."

वहाणा डोईवर घे, मग बैल जुंपतो, असं त्यानं सांगितलं. भोवती काल उपदेश ऐकलेली माणसं जमली होती. त्यांच्यापुढं मला वाकवंना. शास्त्रातली वचनं म्हणत राहिलो. घटका गेली, दुसरी गेली.

कट्ट्यावरनं बायको बोलली, "अवो, तुमच्या वहाणांपायी मी मरू व्हय?"

तेव्हा काढल्या आणि डोईवर घेतल्या. माणसं हसली. धन्यानं मात्र शब्द पाळला, बैल जुंपले. सडकेला पोचलो तवर मोटार जाऊन फुफाटाही खाली बसला होता. दुसऱ्या दिवसाची मोटार आली तेव्हा मी बायकोसाठी सडकेच्या कडंला खड्डा खणत होतो. गावानं मसणात जागा दिली न्हाय.

धन्याला मी अजून रोज शिव्या घालतो. पण त्या दोन घटका त्याच्या न्हवत्या, माझ्या होत्या. परवा आमच्या चर्चच्या मंडळीतले चौघे आले. म्हणाले, अण्णा, वैऱ्याच्या दारात ठाम उभे राहिलात ही साक्ष उपासनेत द्या, लोकांना बळ येईल.

त्यांना हाकलून दिलं.