सगळ्या परवानग्या मिळणार नाहीत

माझ्या धाकट्या जावेबद्दल ऑफिसात काय काय बोलतात ते मला सगळं कळतं. दिवसभर कानाला हेडफोन असला तरी मी बहिरी नाही. आडमुठी आहे, खडूस आहे, साहेबांना जुमानत नाही. पाठीमागे तिला कुलूपबाई म्हणतात. म्हणोत बापडे. आता जरा माझ्याकडून ऐका.

आमचं ऑफिस म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सची कंट्रोल रूम. वरच्या मजल्यावर आम्ही सहाजणी फोन घेतो. कोणाच्या छातीत दुखत असतं, कोणी जिन्यावरून पडलेलं असतं. आम्ही पत्ता टाइप केला की समोरच्या नकाशावर सगळ्यात जवळची गाडी हिरवी होते, तिला पाठवायचं. हे सगळं चालवणारी यंत्रं खालच्या थंडगार खोलीत आहेत आणि ती सांभाळते माझी जाऊ. नऊ यंत्रं एकत्र जोडून एकच असल्यासारखी चालवतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. त्यावर प्रत्येक कामाचा प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यातच म्हणा ना. तातडीच्या फोनचे डबे वेगळे, आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला जायला गाडी हवी असणाऱ्यांच्या बुकिंगचे वेगळे. एवढं मला तिनेच शिकवलं, भाजी निवडता निवडता.

सहा वर्षांपूर्वी तिने मोठा घोळ घातला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. तिच्या स्क्रीनवर दोन सारख्याच काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाच्या क्लस्टरची आणि एक खऱ्याची. सरावाची समजून तिने खऱ्यातले डबे पुसून टाकले. अकरा मिनिटं आमचा नकाशा कोरा. माझ्या फोनवर एक बाई होत्या, त्यांचा नवरा श्वास घेत नव्हता, आणि गाडी कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. मी एकेका ड्रायव्हरला मोबाइलवर शोधत सुटले. माणूस वाचला, पण तो शेजारच्या नर्समुळे, आमच्यामुळे नाही. चूक कोणाची ते तोवर कोणाला कळलंही नव्हतं. ही स्वतः वर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी केलं."

त्या दिवसापासून कुठलीही कमांड देण्याआधी ती मोठ्याने विचारते, "मी कुठे आहे?" आणि स्वतःच सांगते, "खऱ्यावर आहे." लोक हसतात. एकदा घरी गॅसपाशी उभी राहून तिने तेच विचारलं, तर सासूबाई घाबरून मला म्हणाल्या, "अगं, हिला डॉक्टरकडे ने."

यंदा वरून हुकूम आला की आपला क्लस्टर एका कंपनीच्या क्लाउडला जोडायचा. म्हणजे काय, तर इथे एक कमांड चालवली की त्यांचा एजंट आपल्या क्लस्टरवर येऊन बसतो. एजंट म्हणजे माणूस नव्हे, छोटासा प्रोग्राम. कंपनीचे लोक लांब कुठेतरी बसून बटण दाबणार आणि हा इथले जुने डबे काढून नवे ठेवणार. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार, पण बुकिंगच्या पानासाठी सोयीचा, हे तीही मान्य करत होती. घोडं अडलं ते दुसरीकडे. कंपनीने लिहून दिलेल्या कमांडमध्ये एजंटला अख्ख्या क्लस्टरची परवानगी होती. तातडीच्या फोनचीसुद्धा. तिने ती अक्षर अक्षर वाचली आणि सांगितलं, "बुकिंगपुरती परवानगी देते. बाकी नाही."

साहेब तरातरा वर आले. ती तेव्हा माझ्या टेबलापाशीच होती.

"कंपनीने पूर्ण परवानगी म्हटलंय. ते बदलणाऱ्या तुम्ही कोण? गुरुवारी संचालक बघायला येणार आहेत."

"गुरुवारी जोडलेलं असेल, सर. बुकिंग."

"अकरा मिनिटं अख्खं ऑफिस आंधळं केलंत तुम्ही. आणि आता मला शहाणपणा शिकवताय?"

मला वाटलं, आता ही रडणार. कसलं काय.

"मीच शिकवणार, सर. ही चूक किती सोपी आहे ते इथे फक्त मला माहीत आहे. आज ती करायला निदान या इमारतीत यावं लागतं. उद्या कोणीही, कुठूनही करेल."

"गुरुवारी पूर्ण जोडलं नाही, तर शुक्रवारी तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस असेल," म्हणून साहेब निघून गेले. आम्ही सहाजणी मूग गिळून बसलो. मीसुद्धा. लाज वाटते सांगायला.

माझ्या दिराची नोकरी तेव्हा सुटली होती आणि त्यांचं घर हिच्याच पगारावर चालत होतं. त्या दिवशी घरी जाताना मी तिला म्हटलं, "देऊन टाक ना परवानगी. तुझ्या बापाचं काय जातंय?"

ती म्हणाली, "ताई, उद्या लांब बसलेल्या कोणी नकाशा पुन्हा कोरा केला, तर तुम्ही कोणाला फोन लावाल?"

बस आली तशी मी तिच्या आधी चढले, आणि खरं सांगते, मला तिचा रागच आला होता.

गुरुवारी संचालक आले, साहेब आले, कंपनीचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. आमच्याच खोलीत मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं होतं. जावेने सगळ्यांसमोर विचारलं, "मी कुठे आहे? खऱ्यावर आहे." संचालकांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. तिने कमांड दिली. अर्ध्या मिनिटात इंजिनिअरच्या स्क्रीनवर आमचा क्लस्टर आला, त्यात बुकिंगचे डबे हिरवे.

"बाकीचे दिसत नाहीत," इंजिनिअर म्हणाला.

"दिसणार नाहीत," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "पूर्ण परवानगी द्या. आत्ता."

तिने पिशवीतून एक सीलबंद पाकीट आणि एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "यात मुख्य पासवर्ड आहे. माझ्याशिवाय क्लस्टर उघडायचा असेल तर याने उघडतो. नियम असा की पाकीट फोडणाऱ्याने या फॉर्मवर लिहून द्यायचं, कशासाठी फोडलं, किती वाजता, आणि तातडीची सेवा बंद पडली तर 'जबाबदारी माझी' असं. हे पेन घ्या, सर. परवानगी तुम्ही द्या. मी बाजूला होते."

आणि खरंच खुर्ची सोडून उभी राहिली.

साहेबांनी पेन उचललं. फॉर्म वाचला. मग इंजिनिअरकडे सरकवला. इंजिनिअर म्हणाला, आम्हाला ग्राहकाच्या कागदावर सही करता येत नाही. फॉर्म संचालकांपुढे गेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. एक आजोबा बाथरूममध्ये पडले होते, डोक्यातून रक्त येत होतं, नात बोलत होती. मी पत्ता घेतला, गाडी हिरवी झाली, पाठवली. "बाळा, सहा मिनिटांत पोचतील, फोन ठेवू नकोस," असं मी सांगत होते आणि ते तिघं ऐकत होते. मुद्दाम जरा मोठ्याने बोलले मी.

संचालकांनी फॉर्म खाली ठेवला. "हे आपण नंतर बघू."

"नंतर नाही," माझी जाऊ म्हणाली. तिने फॉर्म ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: फक्त बुकिंग जोडलं आहे. तातडीची सेवा जोडलेली नाही. जबाबदारी माझी. खाली सही, तारीख, वेळ. मग तो साहेबांच्या हातात दिला. "उद्या ज्याला माझ्या खुर्चीवर बसवाल, त्याला पूर्ण परवानगी द्यायची असेल तर आधी इथे सही करायला सांगा. जागा सोडली आहे."

शुक्रवारी खुर्चीवर तीच होती. साहेबांनी नंतर तिघाचौघांना विचारून पाहिलं म्हणे. माणूस येतो, फॉर्म वाचतो आणि त्याला दुसरीकडचं काम आठवतं. सहीची ती जागा अजून रिकामीच आहे.